कंबरभर उंच

सोमाजी दारात आला तशी नईमनं खाटेवर कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. सोमाजीनं नव्या तांदळाची पिशवी नईमच्या बायकोच्या, खैरुनच्या हातात दिली, मित्राच्या प्लास्टर घातलेल्या पायाकडे एकदा पाहिलं, आणि कोणी बस म्हणेल म्हणून तसाच उभा राहिला.

नईम घरात हिंदीच बोले, पण राग आला की चामोर्शीची बोली तोंडात येई. तो भिंतीला म्हणाला, "त्याले तांदूळ घेऊन जा म्हणावं. ज्यानं पेट्रोलात पाणी आणलं, त्याच्या घरचं अन्न मले नाई पाहिजे."

सोमाजीनं पिशवी परत घेतली, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला. खैरुन उंबऱ्यात खिळल्यासारखी उभी राहिली. पाणी सोमाजीनं आणलं नव्हतं. ते तिनं ओतलं होतं.

नईमचं बाजाराच्या रस्त्याला, घराला लागूनच वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रिल, धान्याच्या कोठ्या करून घर चाले. जंगलाकडे जाणारं हेलिकॉप्टर वरून गेलं की तो हातातलं काम टाकून रस्त्यावर येई आणि आवाज विरेपर्यंत मान वर करून उभा राही. मग एक दिवस त्यानं बल्लारपूरच्या भंगारातून जुन्या मोटारीचं इंजिन आणलं आणि स्वतःच एक हेलिकॉप्टर बांधायला घेतलं. एकट्या माणसापुरतं, हलकं. धानावर औषध फवारायला कामी येईल, असं तो लोकांना सांगे. खरं तर त्याला उडायचं होतं. सोमाजी त्याचा शाळेपासूनचा मित्र. शेतातलं काम आटोपलं की तो दुकानात येई, पाइप धरी, नट आवळी, आणि गावातले लोक हसले तर नईमच्या आधी त्यांच्या अंगावर जाई.

खैरुनसुद्धा सुरुवातीला कौतुकानं बघायची. पण यंत्र साखळदंडानं जमिनीला बांधून पहिल्यांदा फिरवलं, तेव्हा पात्याचा शेंडा तुटला, दुकानाचा पत्रा फाडून अंगणात आला आणि मोरीच्या भिंतीत रुतला. लेक शिरीन तिथं भांडी घासत होती, आणि राख आणायला नुकतीच उठली होती. त्या दिवसापासून खैरुननं त्या यंत्राची धास्ती घेतली. नईमनं नवी पाती केली, पुन्हा बांधून तपासली, ती टिकलीही. मग तो म्हणाला, आता मोकळं सोडून पाहायचं. ती रडली, भांडली, मोठ्या दिराला मध्ये घातलं. एकदा उडू दे, मग तू म्हणशील तर मोडून टाकतो, एवढंच तो म्हणाला.

धान निघालं होतं. सोमाजीची बांधी, म्हणजे धानाचं शेत, कोरडी, मोकळी पडली होती. उडवायच्या दिवशी सकाळी सोमाजीनं टाकीत पेट्रोल भरलं आणि यंत्र शेतात न्यायला ट्रॅक्टर आणायला गेला. नईम आंघोळीला गेला होता. खैरुननं माठातून तांब्या भरला, अंगणात गेली आणि टाकीचं झाकण उघडलं. इंजिन सुरूच होणार नाही, लोक हसतील, नईम दोन दिवस जेवणार नाही. पण जिवंत राहील. एवढाच तिचा हिशेब होता.

इंजिन सुरू झालं. नळीत आदल्या दिवसाचं पेट्रोल होतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? पाती फिरू लागली, धसकटं उडाली, बायांनी डोळ्यांवर पदर घेतले. आणि यंत्रानं जमीन सोडली. वीतभर, हातभर, मग कंबरभर उंच. नईमचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं होतं. त्या क्षणी खैरुन सगळं विसरली, तिला रडूच आलं. मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. यंत्र एका पायावर कललं, पाती कडेच्या धुऱ्यात, बांधाच्या मातीत घुसून मोडली आणि नईमचा पाय पाइपाखाली आला. आणखी वर गेल्यावर ते बंद पडलं असतं तर काय झालं असतं, ते तिच्या मनात आता रोज येई. ज्याला वाचवायला गेली, त्याला तिनं जवळजवळ मारलंच होतं.

टाकीत पाणी निघालं आणि बोट सोमाजीकडे गेलं. त्यानंच पेट्रोल आणलं होतं. खैरुन बोलली नाही. आज बोलू, उद्या बोलू, पाय बरा झाल्यावर बोलू, असं करत राहिली.

पण तांदळाची पिशवी परत गेली त्या दुपारी ती ताटावरून उठली. डोक्यावर ओढणी घेतली आणि ती सोमाजीच्या घरी गेली. तो अंगणात दोर वळत बसला होता. त्याची बायको मीराबाई सुपात तांदूळ पाखडत होती. खैरुन उभ्या उभ्याच सगळं बोलून गेली.

सोमाजीचे हात थांबले. दोर त्यानं बाजूला ठेवला.

"मी त्या पंपवाल्यासंग भांडून आलो, भाभी," तो म्हणाला. "मंग वाटलं, माह्याच पेट्रोलच्या डबकीत पाणी राह्यलं असंन. माह्या हातानं दोस्त लंगडा झाला म्हणून जीव खाऊन राह्यलो मी."

खैरुनला माफ करा म्हणायचं होतं, पण शब्द फार लहान वाटला. सोमाजीनं डोळे पुसले आणि म्हणाला, नईमला काही सांगू नका, माझ्यावरच राहू द्या, तुमचं घर फुटेल. मीराबाईनं सूप खाली ठेवलं.

"नाई," ती म्हणाली. "बाई, तुम्ही सांगा त्याले. हा माणूस जेवत नाई हो."

खैरुन घरी आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसून तिनं नईमला सांगितलं. तो ओरडेल, हाताला येईल ते फेकेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं,

"मंजे इंजिन माहं बरोबर होतं?"

"हो."

"पातीही?"

"हो."

तो उठून बसला. काठी मागितली. तिनं खांदा पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. भिंत धरत, काठी टेकत तो रस्त्याला लागला. सोमाजीच्या घरी दोघं काय बोलले, ते तिला कधीच कळलं नाही. दोघं परत आले तेव्हा नईमचा हात सोमाजीच्या खांद्यावर होता, आणि तिच्याकडे न बघता ते सरळ मागच्या अंगणात गेले. यंत्रावरची ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.

ती दारात जाऊन उभी राहिली. पूर्वी ती म्हणाली असती, पुरे झालं आता, मोडून टाका. आता तसं म्हणायला तिच्याकडे तोंड नव्हतं. वाकलेला पाइप सरळ धरायला सोमाजी पुढे झाला, तर नईमनं त्याला हातानं थांबवलं आणि पहिल्यांदाच खैरुनकडे पाहिलं.

"तू धर."

ती खाली बसली, दोन्ही हातांनी पाइप धरला. नईमनं वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे घेतली. ठिणग्या उडू लागल्या तशी तिनं मान वळवली, पण हात हलू दिले नाहीत.