बदलीची बाई

बनुबाईनं हरणाबाईच्या जागेवर पोतं पसरलं आणि गुडघ्यावर हात रेटत ती बेदाण्याच्या ढिगापुढं बसली. सकाळपासून अंग नुसतं कसकसत होतं. पण त्यात नवं ते काय? या वयात रोज काही ना काही दुखतंच. तिनं मुकाट्यानं बेदाण्यातल्या काड्या वेचायला घेतल्या.

कुंडलजवळच्या त्या शेडमध्ये रीतच तशी होती. कुणी बाई आजारी पडली, की तिच्या जागी त्या दिवसापुरती बदलीची बाई बसवायची. हजेरीचे पैसे बदलीवालीला, आजारी बाईला ठणठणगोपाळ. हात पूर्वीसारखे चालेनात म्हणून मुकादमानं बनुबाईला कायमच्या कामावरून काढलं, तेव्हापासून ती रोज सकाळी फाटकाशी येऊन बसायची. दुसरीच्या दुखण्यावर आपली चूल पेटते, याची तिला मनातून फार लाज वाटायची. पण करणार काय? घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मजूर संघटनेची क्रांती आली. सांगलीची पोरगी, बोलायला चुणचुणीत.

"नवा कायदा येऊ घातलाय. अजून मंजूर व्हायचाय. तुम्ही आजारी पडलात, तरी मालकानं त्या दिवसाची हजेरी द्यायची. कुणाकुणाला पाहिजे? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. भाकरी चावता चावता बायका एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि मग बनुबाईकडं.

"मंग बदलीच्या बाईचं काय?" तानुबाईनं विचारलं.

क्रांती जरा अडखळली. "एका जागेच्या दोन हजेऱ्या मालक काही द्यायचा नाही. बदली बंदच होईल बहुतेक."

बनुबाईनं हातातली भाकरी फडक्यात ठेवली. म्हणजे फाटकाशी बसणंही संपलं. घोटभर पाणी पिऊन तिनं स्वतःचाच हात आधी वर केला.

"माज्याकडं काय बगताय? तापानं फणफणलेल्या बाईनं पैशापायी कामावर यावं व्हय? करा की हात वर."

मग एकेक हात वर गेला, अगदी जड झाल्यासारखा.

संध्याकाळी घरी जाताना ती हरणाबाईच्या दारात थांबली. जिच्या जागेवर दिवसभर बसलो, तिची विचारपूस तरी करावी. हरणाबाई परड्यात लाकडं फोडत होती. बनुबाईला बघताच तिनं कुऱ्हाड टाकली, लगबगीनं भिंतीला टेकली आणि कण्हायला लागली.

"लय ताप हाय, आक्का."

बनुबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. हरणाबाईच दचकली आणि तिनं बनुबाईचं मनगट धरलं.

"आवं, तुमचाच हात भाजतोय की. दिसभर अशाच बसला हुता?"

"उनाचं आसंल. जाते मी. सकाळी फाटकावर जायचंय."

"कुटं न्हाई जायचं. घरात गप पडून ऱ्हावा." हरणाबाई कळवळून बोलून गेली. "मी सांगते तानुबाईला. उद्याचा तिचा ताप परवा यील."

बनुबाईची नजर टाकलेल्या कुऱ्हाडीवर गेली. मग तिथंच, फोडलेल्या लाकडांशेजारी, हळूच खाली बसली.