न कातलेल्या माना

"कातताना पितळ तापू देऊ नकोस. तापलं की माप फसवतं. गार होऊ दे, मग पुढची घे."

हे माझ्या नवऱ्याचं, सिव्हर्टचं सांगणं. मी कधी बंदूक उचलली नाही. पण मोंटानाच्या लांबलचक हिवाळ्यात तो तळघरात काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या माना, म्हणजे गोळी धरणारी तोंडं, कातून पातळ करायचा, आणि मी शेजारी बसून स्तोत्रं वाचायचे. केसासारखा पितळी कीस त्याच्या मांडीवर साचायचा.

तो गेल्यावर बंदूक धाकट्या दिराला, लेलंडला मिळाली. शुक्रवारी दुपारी माझी प्रार्थना चालू असताना तो आला. टोपी हातात घेऊन दाराशी थांबला, आमेन झाल्यावरच बोलला. दुसऱ्या दिवशी नेमबाजीची स्पर्धा होती. सिव्हर्टची बंदूक घेऊन तो उतरणार होता. दुकानातून नव्या पुंगळ्या आणून त्याने काडतुसं भरलीही होती. ईस्टरपर्यंतच्या उपासात मी कॉफी सोडली होती, पण त्याला करून दिली.

"तू उपाशी आणि मी समोर ढोसतोय. देव माझंच नाव टिपून ठेवणार," तो म्हणाला.

बोलता बोलता कळलं, काडतूस आत सारताना बंदुकीचा बोल्ट, मागचा सरकता दांडा, शेवटाला अडतो, तळहाताने दाबला की बसतो. त्याला त्याचं कौतुकच होतं. घट्ट बसलं की नेम पक्का, म्हणे.

"माना कातल्यात ना, भाऊजी?"

"नव्या कोऱ्या आहेत, वहिनी. त्यात कातायचं काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं तो ही बंदूक चालवायला घ्यायचा तेव्हा पुंगळ्या त्याला सिव्हर्टकडून तयारच मिळत होत्या. मी हळूच सांगितलं, की या नळीत मानेची जागा मुद्दाम अरुंद ठेवली आहे. जाड मान तिथे आवळली जाते, फुगायला जागा उरत नाही, गोळी सहज सुटत नाही, आणि दाब भलताच वाढून मागे तोंडावर येऊ शकतो.

"आता स्तोत्रांबरोबर बंदुकाही शिकवणार वाटतं," तो हसला.

मी तळघरातून मायक्रोमीटर आणून त्याच्यापुढे ठेवला. नळीवर कोरलेला मानेच्या जागेचा आकडा त्याला तोंडपाठ होता. त्याने एक भरलेलं काडतूस मोजलं, पुन्हा मोजलं, मग दुसरं घेतलं. मानेचा आकडा त्याहून मोठाच येत होता. त्याने कप बाजूला सारला.

"उद्या सकाळी मी ती बंदूक गालाला लावणार होतो," तो म्हणाला.

मग त्याने मला विचारलं, मीच कातून देईन का. मी म्हटलं, कसं करायचं ते सांगेन. पण ज्याचा गाल, त्यानेच मोजावं.

तो खाली मान घालून बसला. "शब्द देतो, वहिनी. स्वतः मोजल्याशिवाय एकही आत घालणार नाही."

भरलेली काडतुसं त्याने घरी नेऊन मोडायला वेगळी बांधली. डब्यात उरलेल्या कोऱ्या पुंगळ्या घेऊन तो तळघराच्या पायऱ्या उतरला. बाही दुमडली, दिवा जवळ ओढला, मायक्रोमीटर पुसला आणि पहिली पुंगळी उचलली.