उशिरा येणाऱ्यांनी बाहेर थांबावे

मित्रांनो, तुम्ही मला फलक म्हणता. उन्हाळी नाट्यमहोत्सवाला आलात की फाटकापाशी माझ्यासमोर उभे राहता, सूचना वाचता आणि त्यातल्या निम्म्या आत शिरताच विसरता. पण मी मुळात फलक नाहीच. मी एक जुना दरवाजा आहे.

सुताराने मला घडवलं ते एका दवाखान्यासाठी. तीन बिजागऱ्या, एक पितळी मूठ आणि गुळगुळीत अंग असा माझा थाट होता. दिवसभर माझी उघडझाप चालायची. खोकणारे, लंगडणारे, कडेवरच्या रडक्या पोराला समजावणारे, सगळे मला ढकलून आत येत. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "एवढी माणसं येतात-जातात, पण हा दरवाजा कधी कुरकुरला नाही." माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही. मला फिरायला फार आवडायचं. दरवाज्याचं फिरणं ते केवढं, अर्धं वर्तुळसुद्धा नाही, पण तेवढ्यात माझं भागायचं.

मग दवाखान्याला काचेचं दार आलं आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून महोत्सवाच्या लोकांनी मला उचललं. मी हरखून गेलो. वाटलं, नाटकाच्या कामाला लागणार, राजे-राण्या मला ढकलून रंगमंचावर येणार! त्यांनी माझ्या बिजागऱ्या काढल्या, मूठ काढली, कुलपाचं भोक पुट्टीने बुजवलं, अंगाला पांढरा रंग फासला आणि मैदानाच्या पत्र्याच्या कुंपणात, फाटकाला लागून, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर दोन खांबांना मला पक्कं ठोकून टाकलं. तोंड रस्त्याकडे, पाठ रंगमंचाकडे.

अडकणं म्हणजे काय ते मला विचारा, मित्रांनो. पाठीमागे तलवारी खणखणायच्या, लोक पोट धरून हसायचे, टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. आणि मला समोर दिसायचं काय, तर उभ्या करून ठेवलेल्या सायकली आणि त्यांच्यामध्ये झोपलेलं एक कुत्रं. इतके उन्हाळे मी नाटकाच्या दारात काढले, पण एक नाटक बघितलं असेल तर शपथ.

माझ्या अंगावर काय लिहिलंय तेही मला लोक मोठ्याने वाचतात म्हणून कळतं. फोन बंद ठेवावेत. छत्री उघडू नये. पुढच्या खुर्चीवर पाय ठेवू नयेत. रडणाऱ्या मुलांना बाहेर न्यावे. आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत, उशिरा येणाऱ्यांनी मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावे.

हा शेवटचा नियम उगाच आलेला नाही. मैदानात खडी आहे, आणि फाटकातून खुर्च्यांकडे जायची वाट अंधारी. नटही कधीकधी त्याच वाटेवरून धावत प्रवेश घेतात. एकदा उशिरा आलेले एक गृहस्थ आपली खुर्ची चाचपडत निघाले आणि समोरून आलेल्या सेनापतीला धडकले. सेनापतीचा हात मोडला, नाटक तिथेच थांबलं. तेव्हापासून फाटकावरचे काका कोणाचं म्हणून ऐकत नाहीत. पोरांनी त्यांचं नाव नियमकाका ठेवलंय. एकदा महोत्सवाचे अध्यक्षच उशिरा आले, तर काकांनी त्यांनाही स्टुलावर बसवून ठेवलं.

इथे रोज नवं नाटक असतं आणि प्रत्येकाचा एकच खेळ होतो. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिसरी घंटा झाली, काकांनी फाटक लावलं, आणि तेवढ्यात एक बाई धावत आली. कामावरून तशीच आली असावी, कारण तिच्या अंगाला तापलेल्या इस्त्रीचा आणि खळीचा वास होता.

"मला आत सोडा हो दादा," ती धापा टाकत म्हणाली. "माझी मुलगी आहे नाटकात. पहिलंच काम आहे तिचं."

"सुरू झालं ताई. आता मध्यंतरात सोडतो. बसा तुम्ही." काकांनी आपलं स्टूल पुढे केलं.

"अहो, मध्यंतरापर्यंत तिचं होऊन गेलं तर? तीन वाक्यं आणि एक मोठं रडणं, एवढंच आहे तिला. आणि ते रडू तिला येतच नाही. महिनाभर घरी घोकतेय, पण डोळ्यांतून टिपूस निघेल तर! म्हणाली, आई, तू तिसऱ्या रांगेत कडेला बस, तू दिसलीस की मला येईल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तरी काय करणार? माझ्या तोंडावर जे लिहिलं होतं ते लिहिलं होतं. मनातून मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू, पण लाकडाला मान खाली घालता येत नाही.

थोड्या वेळाने काकांनी फाटकाच्या फटीतून आतल्या चहावाल्याला हळूच विचारलं, "मध्यंतर कधी आहे रे?"

"कसलं मध्यंतर काका! आज सलग आहे. एवढी किटली भरून आणली, आता ती काय डोक्यावर ओतून घेऊ?"

काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मध्यंतरापर्यंत थांबावे, असं मी सांगत होतो, आणि मध्यंतर होणारच नव्हतं. हा नियम करताना असं काही कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. बाईला सगळं ऐकू गेलं होतं. ती स्टुलावरून उठली, माझ्याजवळ आली आणि तिने कपाळ माझ्या अंगावर टेकलं. पत्र्यापलीकडून मुलीचा आवाज येत होता. तिचं पहिलं वाक्य झालं. आईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मित्रांनो, उन्हाने माझी पुट्टी कधीचीच सुकून सुटत आली होती. आईच्या बोटांना ती गोल चीर लागली. तिने केसातली पिन काढली, चिरेत घातली आणि टोकरू लागली. पुट्टीचा गोळा पलीकडे खडीवर पडला. इतक्या वर्षांनी माझ्यातून वारा आरपार गेला!

"ओ ताई, काय करताय?" काका धावले.

"दिसतंय!" ती डोळा लावून म्हणाली. "दिसतेय हो ती!"

काकांनी विजेरी काढली. वरपासून खालपर्यंत एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी माझे सगळे नियम वाचले. मी श्वास रोखून उभा होतो. शेवटची ओळ संपली तशी त्यांनी विजेरी बंद केली.

"भोकातून बघू नये असं काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "बघा निवांत."

दुसरं वाक्य झालं. तिसरं झालं. मग आत सगळं शांत झालं, आणि एकदम हुंदका ऐकू आला. मुलगी रडत होती. पोटातून, थांबता थांबत नव्हती. मैदानात कोणी हूं की चूं करत नव्हतं.

"आलं की हो रडू," काका कुजबुजले. "तुम्ही नसतानाही आलं."

"तिसऱ्या रांगेकडे बघतेय ती," आई म्हणाली. "खुर्ची रिकामी आहे ना." आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या अंगावरून ओघळलं.

टाळ्यांनी मैदान दणाणून गेलं. जरा वेळाने डोळे पुसत ती म्हणाली, "आता तुम्ही बघा की."

"मी ड्युटीवर आहे," काका म्हणाले. मग त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं आणि वाकले. जवळजवळ खेळ संपेपर्यंत ते वर आलेच नाहीत.

फाटक उघडल्यावर मुलगी रंग न पुसताच बाहेर आली. आईला बघून जागीच थांबली आणि म्हणाली, "आलीच नाहीस ना तू?" आई काही बोलायच्या आत मुलीचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. रंगाऱ्याने त्या वर्षी मला घाईघाईत रंगवलं होतं, आणि दिवसभराच्या उन्हाने तो रंग अजून चिकटत होता. आईच्या डोळ्याभोवती पांढरं गोल कडं उमटलं होतं. मुलीने काकांकडे बघितलं, तर त्यांच्याही डोळ्याभोवती तसंच कडं! मग तिने माझ्याकडे बघितलं. भोकापाशी आली, बोट फिरवलं, वाकून पलीकडे पाहिलं. तिथून तिसऱ्या रांगेपलीकडचा अख्खा रंगमंच दिसत होता.

"सगळं बघितलंस?"

"सगळं. तुझी डावी चप्पल सुटली होती तेसुद्धा."

ती आईच्या गळ्यात पडून पुन्हा रडली. हे रडू मात्र कोणीच शिकवलेलं नव्हतं.

या उन्हाळ्यात रंगारी पुट्टी घेऊन आला तेव्हा काकांनी भोकावर तळहात ठेवला. "एवढं सोड," ते म्हणाले. रंगारी कुरकुरला, पण त्याने अक्षरं भोकाला वळसा घालून लिहिली. मध्यंतराची ओळही काकांनी बदलून घेतली. मध्यंतर नसेल तर इथून पाहावे, असं आता माझ्यावर लिहिलंय म्हणे.

मित्रांनो, वेळेवर या, फोन बंद ठेवा, पुढच्या खुर्चीवर पाय ठेवू नका. सेनापतीचा हात मला अजून आठवतो. पण कोणावर नियम लिहायची वेळ आली, तर त्याच्या अंगावरचं एखादं भोक तेवढं बुजवू नका. मी अजून त्याच दोन खांबांना ठोकलेला आहे, तोंड सायकलींकडे, पाठ नाटकाकडे. फिरायचं तर आता मला जमणार नाही. पण मी एक दरवाजा आहे, आणि अंगठ्याएवढा का होईना, उघडा आहे.