दुसऱ्याच्या पेन्सिलीची उत्तरे

मित्रांनो, मी एक जुनी स्वाध्याय-पुस्तिका आहे, आणि तीही स्पॅनिश व्याकरणाची! झाशीत माझे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण स्पेनचे पुष्कळ पाहुणे इथल्या स्टेशनावर उतरून ओरछा-खजुराहोला जातात. त्यांच्या भाषेत बोलणारा गाईड भेटला की ते खूश होतात.

माझा जन्म दिल्लीच्या छापखान्यातला. पहिल्या मालकाने महिनाभरात माझे सगळे स्वाध्याय पेन्सिलीने भरले आणि मला रद्दीत घातले. झाशीच्या मानिक चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात माझी कोरी जुळी बहीणही होती. गाईड होऊ पाहणारी चंपा नावाची मुलगी आली; तिने आधी तिलाच उचलले, पण दुकानदार म्हणाला, "बिटिया, ये लो. किसी होशियार की है, सब हल किया हुआ है." चंपा हुरळली आणि मी तिच्या पिशवीत गेले.

गाईडच्या परवान्याच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. आता शेवटची खेप, नाहीतर सदर बाजारात काकांच्या दुकानात बसायचे, असे घरी ठरले होते. ती माझ्यातली उत्तरे पोपटासारखी घोकू लागली. मग पूर्ण भूतकाळाचा धडा आला. तिथे पहिल्या मालकाने बिनधास्त वाटेल ते ठोकून दिले होते, आणि मला सांगता येत नव्हते.

एका दुपारी चंपाची अनुसूयाआत्या, जी झाशीतही मराठीच बोलायची, शेजारी गवार मोडत होती. "नुसतं काय घोकतेस? अर्थ सांग की."

"हम स्टेशन पहुँचे, तब गाड़ी निकली है."

"निकली है? अगं, आधी गाडी सुटली, मागाहून तुम्ही पोचलात. गाडी सुटली होती म्हण ना बाई!"

"पर किताब में तो यही लिखा है, आत्या."

"छापलंय, की कुणी खरडलंय?"

चंपाने छापील नियम पहिल्यांदाच नीट वाचला. होऊन गेलेल्या दोन गोष्टींत जी आधी घडली, तिला 'अबीआ' लागते: 'अबीआ सालिदो', सुटली होती. पेन्सिलीत मात्र सगळीकडे 'आ सालिदो', नुसते सुटली आहे. मी शरमेने मेले.

चंपाने खोडरबराने मला पान न् पान घासून काढले आणि प्रत्येक वाक्य स्वतः लिहिले. अडली की चक्क मराठीत विचारायची, "आत्या, आधी काय झालं?"

परीक्षकांनी तिला सकाळची हकीकत सांगायला लावली. 'मी उठले, तेव्हा आत्याने माझा डबा भरून ठेवला होता,' असे ती स्पॅनिशमध्ये न अडखळता म्हणाली. माझ्या एकाही पानावर हे वाक्य नाही. तिला परवाना मिळाला.

आता आपली रवानगी माळ्यावर, असे मी धरून चालले होते. पण आत्या म्हणाली, "मलाही शिकव गं." चंपाने स्वतःची सगळी बरोबर उत्तरे खोडून टाकली. मला फार चुटपुट लागली. मग आत्याने चष्मा पुसून पहिले वाक्य लिहिले. ते साफ चुकले.

मित्रांनो, जुनी पुस्तके जरूर घ्या, जपा, पुढच्याला द्या. फक्त देण्याआधी आपली उत्तरे खोडा, बरोबर असली तरी. आत्याची ती चूक आज माझ्या पानावर आहे, आणि इतकी सुखी मी कधीच नव्हते.