बेकरीवरून डावीकडे

सकाळपासून काशिनाथराव तिसऱ्यांदा शेजारच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले होते. हातात शिऱ्याचा स्टीलचा डबा.

हे सगळं लेकीनं ओढवून आणलेलं. श्रुती इथे परदेशात, न्यू लिन नावाच्या उपनगरात फार्मासिस्ट. सांगलीहून आलेल्या बाबांना करमावं म्हणून तिनं शेजारच्या यानला सांगून टाकलं, की माझे बाबा अडुसष्ट साली प्रागमध्ये होते. झालं! पंच्याहत्तरीचा यान मूळचा प्रागचाच. दोन महिने दोघं रोज बुद्धिबळ खेळत होते. इकडून डबा भरून जायचा. 'आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत' असं श्रुतीनं एकदा सांगितल्यापासून तिकडूनही भरूनच यायचा, बहुतेक यानच्या झाडाची लिंबं.

उद्या एकवीस ऑगस्ट. रशियाचे रणगाडे प्रागमध्ये घुसले त्याला चाळीस वर्षं होणार. इथले चेक लोक लायब्ररीच्या हॉलमध्ये जमणार होते आणि यानचा हट्ट होता की काशिनाथनं बोलायचं.

"बाबा, टेन्शन कसलं घेताय? हीप्स लोक येणारेत, ढिगानं. पाहिलंत ते सांगा फक्त," कामावर निघताना श्रुती म्हणाली होती.

सांगा म्हणे! पाहिलेलं सांगता येतं हो, केलेलं कसं सांगायचं?

तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, कारखान्यानं ट्रेनिंगला पाठवलेले. शेजारचा देश जरा स्वतःच्या डोक्यानं चालू लागला, की मॉस्को त्याच्या मदतीला रणगाडे धाडायची आणि वर त्याला भाऊबंदांची मदत म्हणायची. लोकांकडे बंदुका नव्हत्या. त्यांनी रस्त्यांच्या पाट्या उतरवल्या, घरांवरची नावंसुद्धा काढली. एवढं मोठं सैन्य गल्लीबोळांत चाचपडत राहिलं. अशात एका कोपऱ्यावर त्यांच्याच वयाच्या, दमलेल्या सैनिकानं कागद पुढे केला आणि अजिजीनं पत्ता विचारला. काशिनाथरावांना कामापुरतं रशियन येत होतं. पत्ता विचारणाऱ्याला तसंच परत पाठवू नये, ही वडिलांची शिकवण अंगात मुरलेली. रस्ता दाखवायला हात आपोआप वर झाला.

चाळीस वर्षं ही गोष्ट त्यांना क्षुल्लक वाटत होती. गेल्या आठवड्यात पटावरून मान वर न करता यान बोलला. त्याचा भाऊ एका घरातून चोरून रेडिओ केंद्र चालवायचा. बिनपाटीच्या त्या गल्लीत सैनिक नेमके पोचले. भाऊ दोन वर्षांनी सुटला, पण पुन्हा कुणाशी धड बोलला नाही. "घरातलंच कुणीतरी फुटलं होतं," यान म्हणाला. "आमचा मेहुणा. दुसरं कोण?"

त्या दिवसापासून काशिनाथरावांचं जेवणात लक्ष नव्हतं. गप्प बसावं तर उद्या भर सभेत टाळ्या घ्यायच्या. त्यापेक्षा आत्ताच तोंड काळं झालेलं बरं.

चौथ्या खेपेला त्यांनी दार वाजवलं. आत न जाता, उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं.

"कुठला रस्ता?" यानने विचारलं.

"नाव आठवत नाही. बेकरीवरून डावीकडे, एवढंच सांगितलं मी त्याला."



"बेकरी होती तिथे," यान म्हणाला. "मेहुणा शपथा घेत होता. आम्ही त्याच्या मातीलाही गेलो नाही."

त्यानं डबा घेतला आणि हळूच दार लावलं.

दुपारी डबा कुंपणाच्या खांबावर ठेवलेला दिसला. काशिनाथरावांनी झाकण उघडलं. लख्ख घासलेला, कोरडा पुसलेला, रिकामा. त्यांनी घरात जाऊन फ्रीजमधली दोन लिंबं काढली आणि डब्यात टाकली. श्रुतीला कळायला नको. थोडा वेळ त्या लिंबांकडे बघत बसले, मग त्यांनी ती परत जागेवर ठेवली.

संध्याकाळी पर्स टाकता टाकता श्रुतीनं विचारलं, "यानकाकांनी काय पाठवलं आज?"

"काही नाही. रिकामा आला."

"असं कसं? विसरले असतील."

"नाही गं," काशिनाथराव म्हणाले. "बस इथे. तुला एक सांगायचंय."