विचारल्याशिवाय काढलेला मगज

मी एक जुनी, जाड सुई आहे. कपडे शिवणारी नव्हे, दंडात टोचणारीही नव्हे. माणसाच्या हाडात शिरून आतला मगज बाहेर काढणारी. मित्रांनो, मला पाहून तुम्ही घाबराल हे मला ठाऊक आहे. पण मी तुम्हाला घाबरवायला बोलत नाही. मी रागावले आहे. हा राग मी पुष्कळ वर्षं गिळला.

मुंबईच्या एका कारखान्यात चांगल्या पोलादातून मी घडले. माझ्या पोटात पोकळी, पोकळीत नेमकी बसणारी बारीक सळई, आणि तळहाताने दाबायला मागे मूठ. एकोणीसशे सत्तर सालानंतर लवकरच मी वर्ध्याला आले. नालवाडीच्या वाटेवर एक खासगी इस्पितळ होतं, तिथे डॉक्टर मधुकरराव माझे पहिले धनी झाले. मला हातात घेण्याआधी ते रोग्याच्या खाटेवर बसत. गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याचं दर्शन घेऊन थेट इस्पितळात आलेली बाई असो की हिंगणघाटचा व्यापारी, सगळ्यांशी ते सारखंच बोलत.

"हाडाच्या आत मगज असतो," ते म्हणत. "त्यात काही मूळ पेशी असतात. मूठभर बियाण्यातून अख्खं शेत उभं राहतं ना, तसं त्यांच्यातून तुमचं सगळं रक्त तयार होतं. ते बियाणं कुठे बिघडलंय, तेवढं बघायचंय. दुखेल. करू का?"

रोगी नको म्हणाला, तर ते मला निमूट डब्यात ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समजावून सांगत. परदेशात भावाचा मगज बहिणीला देऊन तिच्या अंगात नवं रक्त उभं करतात, हे त्यांनी मासिकात वाचलं होतं. "आपल्याकडेही होईल," ते परिचारिकांना सांगत, तेव्हा त्यांचा चेहरा उजळून जाई. माझ्या आयुष्यातला तो मानाचा काळ होता.

मग ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टर पुंडलिकराव आले. हुशार माणूस. हात इतका सफाईदार की मला स्वतःचाच अभिमान वाटावा. पण खाटेवर ते कधी बसले नाहीत.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात वडनेरचे वासुदेवराव आपल्या मुलाला, ओमप्रकाशला, घेऊन आले. पोराच्या हिरड्यांतून रक्त येई, अंगावर जांभळे डाग उठत. मी त्याच्या हाडात शिरले, तर आत मगज जवळजवळ उरलाच नव्हता. बियाणंच संपलं होतं.

"साहेब, बरं होईन ना माह्यं लेकरू?" त्याची आई आनंदाबाई हात जोडून विचारत होती.

"शंभर टक्के," पुंडलिकराव म्हणाले. "बहिणीचा मगज देऊ. विदर्भात हे कोणीच केलेलं नाही."

मित्रांनो, इथून माझा राग सुरू होतो. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात हे काम सुरू झालं होतं. तिथे जंतू शिरणार नाहीत अशा वेगळ्या खोल्या होत्या. बहिणीचा मगज भावाच्या अंगाला मानवेल का, हे पाहणाऱ्या तपासण्या होत्या. तिथेही बरेच रोगी दगावत, पण काही वाचत. पुंडलिकरावांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी यातलं अक्षरही त्या आईबापांना सांगितलं नाही. पोर मुंबईला गेलं असतं, तर नावही मुंबईचं झालं असतं. भावाबहिणीचा रक्तगट एक निघाला, तेवढ्यावर ते थांबले.

बहीण म्हणजे नलू. पंधरा वर्षांची, काटक, तोंडाने फटकळ. "तिला सांगून उगाच घाबरवू नका," डॉक्टरांनी बापाला बजावलं. तिला ताकदीची सुई द्यायची म्हणून खोलीत आणलं, भूल दिली, आणि तिच्या कमरेच्या हाडात मला पुन्हा पुन्हा खुपसलं. भावाला लागणार होता त्याहून जास्त मगज त्यांनी काढला. त्या जास्तीच्या मगजाची बाटली कुलपाच्या फ्रीजमध्ये गेली, त्यांच्या स्वतःच्या प्रयोगांसाठी.

नलू जागी झाली, तर तिला कुशीवर वळता येईना.

"बाबा, काय केलं यायनं मले?" तिने विचारलं.

वासुदेवराव रडत सगळं सांगून बसले. नलू भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

परका मगज अंगाने झिडकारू नये म्हणून ओमला आधी जालीम औषध दिलं होतं. त्याच्या अंगात रोगाशी लढायची उरलीसुरली ताकदही त्याने संपली. मग मगज शिरेतून दिला. साधी खोली, उघडी खिडकी, घोंघावणाऱ्या माश्या. बहिणीच्या पेशी त्याच्या हाडात रुजल्याच नाहीत. ताप चढला, तोंड आलं. पुंडलिकराव पुन्हा नलूच्या खाटेशी आले. मी शेजारच्या ताटात होते.

"आणखी थोडा मगज लागेल," ते वासुदेवरावांना म्हणाले.

"कोणासाठी?" नलूने विचारलं. "ओमसाठी का तुमच्या बाटलीसाठी?" परिचारिकांचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं.

"मुलीला काय कळतं? तुम्ही सांगा, वासुदेवराव."

वासुदेवराव काही बोलायच्या आत आनंदाबाई उठल्या. त्यांनी माझं ताट हाताने उडवून दिलं. मी फरशीवर घरंगळत गेले. "हात नोका लावू आता माह्या पोट्टीले!" त्या ओरडल्या. त्या दिवशी मला खाली पडल्याचा आनंद झाला.

दुसऱ्याच दिवशी पुंडलिकरावांनी ओमला घरी पाठवून दिलं.

पुढे वर्ध्यात त्यांचा सत्कार ठरला. कापडाचे व्यापारी भैय्याजी अध्यक्ष होते. मला मखमलीवर ठेवून टेबलावर मांडलं, वर झेंडूची फुलं वाहिली, कुंकूही लावलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पुंडलिकराव भाषणात म्हणाले, "बहिणीने आनंदाने मगज दिला, आणि रुग्ण आपल्या पायांनी चालत घरी गेला."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून नलू पुढे आली. भैय्याजी म्हणाले, "पोरी, बस खाली. कार्यक्रम चालू आहे."

"चालत नाई गेला तो," नलू म्हणाली. "बाबानं खांद्यावर नेला. पोळ्याच्या आधीच मेला माहा भाऊ." तिने फुलं बाजूला सारून मला उचललं आणि सभेला दाखवलं. "मी आनंदानं देल्लं म्हणता? मले इचारलं काऊन नाई? इचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. माह्या भावासाठी पाहिजे तेवढं देल्लं असतं. पण तुमी मले खोटं सांगून घेतलं. आन् बाकीचं तुमच्यासाठी ठेवलं."

पहिल्या रांगेतून म्हातारे मधुकरराव काठी टेकत उठले. "पुंडलिकराव, मुलगा गेला हे खरं आहे?"

पुंडलिकराव पाणी प्याले. भैय्याजींनी हातातली शाल घडी घालून परत पिशवीत ठेवली.

तुम्हाला वाटेल, त्यांना शिक्षा झाली. नाही झाली. ते दुसऱ्या शहरात गेले आणि तिथे त्यांचा दवाखाना उत्तम चालला. याचाच मला आजही संताप येतो.

पण एक गोष्ट झाली. काही वर्षांनी त्याच रोगाची रुख्माबाई इस्पितळात आली. नव्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या बहिणीला, वच्छलाबाईला, शेजारी बसवून सगळं सांगितलं: दुखेल किती, धोका काय, आणि एवढं करूनही रुख्माबाई वाचेलच असं नाही. "इथे होणार नाही, मुंबईला जावं लागेल," हेही सांगितलं. वच्छलाबाई घरी गेली, नवऱ्याशी भांडली, परत आली आणि हो म्हणाली. रुख्माबाई जगली. डोक्यावर नवे केस आल्यावर दोघी बहिणी मुद्दाम इस्पितळात भेटायला आल्या, पेढे घेऊन.

आता एकदा वापरून फेकायच्या सुया आल्यात. मी काचेच्या कपाटात गंजत पडले आहे. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या या मूळ पेशींवर संशोधन करील. जरूर करा, थांबू नका. त्यांच्यात फार मोठं देणं दडलं आहे. पण ज्याच्या अंगातून घ्यायचं, त्याच्याजवळ आधी बसा. खरं सांगा. तो नाही म्हणाला, तर हात मागे घ्या. आणि कोणी मोठ्या आवाजात बऱ्या झालेल्या रोग्याची गोष्ट सांगू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी उठून उभे राहा आणि विचारा: तो रोगी आज कुठे आहे?