मामाशिवाय मांडव नाही

राजेशाही दोन प्रकारची, असं बाईंनी वर्गात शिकवलं. एकीत राजा म्हणेल तेच होतं, दुसरीत राजालाही नियम असतात. आमच्या चोपड्याच्या घरात पहिलीच! आजोबांनी, म्हणजे आबांनी, दहावी झाली की माझं लग्न ठरवायचं जाहीर केलं आणि कोणी ब्रसुद्धा काढला नाही.

रविवारी बोदवडहून रुपचंदमामा आला.

"आबा, पोरीची बारावी होईपर्यंत मी मांडवात येणार नाही."

"तुले कोन इचारस?"

"नका विचारू. पण नवरीच्या पाठीशी मामा लागतो. कोणाला उभं करता?"

आबांचा अडकित्ता थांबला. हा रिवाज मोडणं त्यांच्याही हातात नव्हतं.

"बरं, होऊ दे बारावी," ते पुटपुटले.

"मी सायन्स घेणार!" मी दाराआडूनच ओरडले.